चूल एक, बाटल्या दोन

माझी माय म्हणायची, ‘ह्यो दूध प्यायच्या आधी म्हशीला इचारून येईल, का बाई, हे तुझंच हाय ना?’ ती चेष्टा करायची, पण खोटं काही बोलायची नाही. मी जन्माचा शंकेखोर. दुकानदारानं किलोभर साखर दिली की दुसऱ्या हातात किलोभर डाळ घेऊन मी दोन्ही पिशव्या ताडून बघायचो. पोटापाण्याचा धंदाही तसाच मिळाला. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीत मी तपासणीच्या खोलीत होतो. प्रत्येक लॉटमधून मूठभर दाणे काढायचे, ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे, किती उगवले ते मोजायचे. दुसऱ्या वाणाचा दाणा आत मिसळला असेल तर तो शोधून काढायचा आणि त्या पोत्यांना लाल चिठ्ठी लावायची. मग साहेब चिडो नाहीतर शेतकरी चिडो, भेसळ म्हणजे भेसळ. या कामाचा मला पगार मिळायचा आणि खरं सांगायचं तर मजाही यायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कंपनीच्या आवारात रक्तदानाचं शिबिर झालं. साहेबांनी दिलं म्हणून आम्हीही दिलं, वर चहा-बिस्किटं खाल्ली. पंधरा-वीस दिवसांनी मला एकट्याला बंद पाकीट आलं. तुमच्या रक्तात ब प्रकारच्या काविळीचे विषाणू सापडले आहेत, यापुढे रक्तदान करू नका, डॉक्टरांना दाखवा. मी आरशात डोळे बघितले, पांढरे होते. नखं बघितली, गुलाबी होती. भूक तर अशी की ज्वारीच्या चार भाकरी सहज जायच्या. म्हणजे यांनी नळ्यांची अदलाबदल केली, असं मी ठरवून टाकलं. इतक्या लोकांच्या नळ्या एका खोक्यात कोंबताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. जालन्यात एका लॅबमध्ये गुपचूप पुन्हा रक्त दिलं. तिथंही तेच निघालं. मग दुसऱ्या लॅबमध्ये दिलं. तेव्हा कुठं मी घाबरलो.

जालन्याच्या डॉक्टरांनी औरंगाबादच्या एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथले यकृताचे डॉक्टर पन्नाशीचे, हळू बोलणारे होते. हळू बोलणाऱ्या माणसावर माझा आधीच विश्वास बसत नाही. ते म्हणाले, घरातल्या सगळ्यांना घेऊन या. वडील वारून बरीच वर्षं झाली होती. राहिलो आम्ही चौघं. माय, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा दादा, मी आणि वाटूरला दिलेली बहीण. सगळ्यांचं रक्त तपासलं. बहीण सुटली. मायच्या, दादाच्या आणि माझ्या रक्तात रोग होता. मायचं यकृत ठणठणीत होतं, माझ्या आणि दादाच्या यकृताला सूज आली होती. दादाची सूज जास्त होती.

डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. म्हणाले, ‘हा आजार तुम्हा दोघांना बहुतेक जन्मताना आईकडून आलाय. त्यांना कधी कळलंही नसेल, त्यांचा काही दोष नाही. त्यांना कधी आणि कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा.’

मी ठरवलं की सांगायचं नाही, मायलाही नाही आणि दादालाही नाही. मायनं ते ऐकलं असतं तर तिला भाकर गोड लागली नसती. जगाकडून प्रत्येक गोष्टीचा हिशोब मागणारा मी, ही एक गोष्ट पोटात घालून वर्षभर शहाण्यासारखा फिरलो.

गावात आम्ही कुणालाही काही बोललो नाही. आमचं गाव जालन्यापासून मोटरसायकलवर अर्ध्या तासाचं. दादा रोलिंग मिलमध्ये भट्टीवर होता. लालभडक लोखंडाची कांब सांडशीनं ओढणारा गडी, दंड असे की शर्टाची बाही उसवायची. रोज सकाळी एकाच गाडीवर आम्ही दोघं निघायचो, तो चालवायचा, मी मागं बसायचो. त्याच्या सोयरिकीचं बोलणं सुरू होतं. पोराच्या रक्तात कावीळ आहे असं कुणाच्या कानावर गेलं असतं तर गावात पाय ठेवायला कुणी पोरीचा बाप आला नसता.

मायनं आपल्या परीनं उपाय केलाच. काविळीची माळ घालणारा एक बाबा लांबच्या गावात होता, तिथं आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. कसल्यातरी मुळीचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवायचे, ती माळ डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरेल तशी माळ वाढत जाते आणि डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून पोटावर येते, अशी ख्याती. माय आम्हा दोन्ही घोड्यांना तिथं घेऊन गेली. मी काय केलं, घरी आल्यावर बियाण्याच्या पुड्यांवर खूण करायची न पुसणारी शाई घेतली आणि माझ्या माळेच्या प्रत्येक गाठीजवळ एक बारीक ठिपका दिला. चार दिवसांत मुळी वाळली, आकसली, गाठी सैल झाल्या आणि ठिपके एकमेकांपासून लांब गेले. मी ते मायला दाखवलं. ‘बघ, रोग न्हाई उतरून राह्यला, दोरा उतरून राह्यला.’

माय म्हणाली, ‘तुला ठिपके देऊन काय भेटलं? तुझ्या दादाची माळ बी खोटी करून टाकली तू.’

दादा हसत होता. त्याची माळ शर्टाच्या आत छातीपर्यंत आली होती आणि त्याला बरं वाटत होतं.

मग औरंगाबादच्या डॉक्टरांचा निरोप आला. या आजारावर एका कंपनीनं नवी गोळी काढली होती, तिची परीक्षा चालली होती. इच्छा असेल तर नाव घाला. गोळ्या, तपासण्या, येण्या-जाण्याचं भाडं, सगळं त्यांच्याकडून. फुकट म्हटल्यावर माझे कान टवकारले.

डॉक्टरांनी मराठीत छापलेले कागद पुढं ठेवले आणि समजावलं. काही जणांना खऱ्या औषधाची गोळी मिळेल, काही जणांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कुणाला कोणती, हे नंबरावरून ठरतं. ‘तुम्हाला माहीत नसेल, मलाही माहीत नसेल,’ ते म्हणाले. ‘परीक्षा संपल्यावर कुणाला काय मिळालं ते सांगू. आणि ज्यांना नुसतीच गोळी मिळाली, त्यांना पुढं खरी देऊ.’

मला माहीत नाही, हे त्यांचं वाक्य मला बिलकुल पटलं नाही. आमच्या कंपनीतही हेच चालायचं. नवं वाण काढलं की ते आणि तुलनेसाठी एक जुनं वाण, दोन्ही नंबर टाकलेल्या पुड्यांत घालून शेतकऱ्यांच्या प्लॉटवर पेरायला द्यायचे. कुणालाच माहीत नाही म्हणे. पण दुसऱ्या महिन्यात पानाच्या रंगावरून मी कोणता पट्टा कुठला ते सांगायचो, साहेब तर बी बघूनच सांगायचे. तेव्हा हा डॉक्टर गोळी ओळखत नसेल? आणि ओळखत असेल तर खरी कुणाला देईल? ओळखीच्याला, शहरातल्याला. आम्ही आपले प्लॉटच्या कडेचे पट्टे.

तरी मी सही करायला तयार झालो, कारण दादाच्या यकृताची सूज. दुसरा उपाय म्हणजे सुया होत्या आणि त्या आमच्या आवाक्याबाहेर होत्या.

सही करताना डॉक्टरांनी एक अट सांगितली. ‘एका घरातले दोघं आम्ही घेत नाही. बाटल्यांची अदलाबदल होते, मग कशाचाच पत्ता लागत नाही. तुम्ही दोघं भाऊ एकत्र राहता का?’

दादा माझ्याकडं बघायला लागला. त्याला खोटं बोलता येत नाही, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. पत्त्यासाठी आणायला सांगितलेली दोन रेशनकार्डं मी पिशवीतून काढली. रॉकेल जास्त मिळावं म्हणून गावात निम्म्या घरांनी केलं होतं तेच आम्हीही केलं होतं, कागदावर दादाची चूल वेगळी दाखवली होती. ‘वेगळे राह्यतोत साहेब,’ मी म्हणालो. ‘चूल वेगळी, दार वेगळं.’ डॉक्टरांनी दोन्ही कार्डं बघितली, नोंद केली. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, ‘हे काय बराबर न्हाई केलं.’ मी म्हणालो, ‘ते आपल्याला खरं सांगून राह्यले का?’

निघताना डॉक्टरांनी दोघांनाही एकच गोष्ट तीनदा बजावली. गोळी मध्येच बंद करायची नाही. त्रास झाला, कंटाळा आला, काही झालं तरी आधी मला भेटायचं. दबलेला रोग गोळी सुटली की उसळून वर येतो. मला वाटलं, यांच्या यादीतला एक नंबर कमी होऊ नये म्हणून ही भीती घालतायत. आमचे विक्री अधिकारीसुद्धा शेतकऱ्याला असंच सांगतात की मध्येच दुसरं बियाणं वापरलं तर जमीन रुसते.

दवाखान्याच्या प्रत्येक फेरीला दोन पांढऱ्या बाटल्या घरी यायच्या, एकीवर माझा नंबर, एकीवर दादाचा. भिंतीतल्या देवळीत शेजारी शेजारी ठेवलेल्या. सकाळी भाकरीबरोबर माय स्वतःच्या हातानं ज्याची त्याला गोळी द्यायची. तपासणीच्या दिवशी रक्त इतकं घ्यायचे की माय विचारायची, ‘एवढ्या नळ्या कशाला लागतात? इकत तर न्हाईत ना?’ तेव्हा मला बरं वाटायचं, की घरात आणखी एक शंकेखोर आहे.

एकदा तिनं विचारलं, खोटी गोळी म्हणजे काय भानगड आहे? मी तिला प्लॉटची गोष्ट सांगितली. एका पट्ट्यात नवं, एका पट्ट्यात जुनं, मग फरक बघायचा.

‘म्हंजी एका पंक्तीत दोघांला बसवायचं,’ ती म्हणाली, ‘एकाला वाढायचं अन् एकाला रिकामं ताट द्यायचं, अन् कोण वाळतंय ते बघायचं?’

‘रिकामं न्हाई माय. ताट भरलेलं दिसतंय.’

‘मंग तर लईच वंगाळ.’

मी हसलो. आमच्या घरात पंक्तीत भेद करणं म्हणजे महापाप होतं. लहानपणी एक पेरू मिळाला तर एकानं कापायचा आणि दुसऱ्यानं आधी उचलायचा, हा मायचा कायदा. एकच अंडं असलं तर ती ते कालवणात फेटून घालायची, म्हणजे कुणाला किती ते देवालाही कळू नये. शेजारची काकू एकदा दादाला लाडू देऊन मला विसरली, तर मायनं दादाच्या हातातला लाडू फोडला होता. हे सगळं मला माहीत होतं, तरी त्या दिवशी मी हसलो.

चार-पाच महिने गेले. दवाखान्यात आमच्या तपासणीचे आकडे आम्हाला सांगत नसत. मग मी जालन्याच्या लॅबमध्ये दोघांचंही रक्त दिलं, यकृताच्या सुजेची साधी तपासणी. माझा आकडा चांगलाच खाली आला होता. दादाचा थोडासाच. एक महिन्यानं परत दिलं. माझा जवळजवळ निरोगी माणसाच्या बरोबरीला आला, दादाचा आणखी थोडा उतरला. एका लॉटवरून निकाल देऊ नये, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. पण त्या दिवशी मला पानाचा रंग ओळखल्याचा आनंद झाला होता. जेवताना मी बोलून गेलो, ‘आपुन वळखलं. माझी खरी हाय. दादाची खोटी.’

दादाचा हात ताटातच थांबला. म्हणाला, ‘चांगलं हाय की.’ आणि उरलेली भाकर खाऊन उठला. माय चुलीपुढं बसून होती, तिनं मान वर केली नाही.

त्यानंतर दादा गप्प झाला. गाडीवर मागं बसलो की पूर्वी तो वाऱ्यात ओरडून गप्पा मारायचा, ते बंद झालं. आता माणसाला असं काही कळल्यावर तो गप्पच होणार, पण माझ्या डोक्यात भलतंच शिरलं. देवळीत दोन बाटल्या शेजारी. एकीत जीव, एकीत काही नाही. गप्प बसलेला माणूस काय विचार करत असेल? पुढच्या फेरीला बाटल्या आल्या तेव्हा मी माझी बाटली कंपनीत नेली, गोळ्या कागदावर ओतल्या आणि त्याच शाईनं प्रत्येक गोळीच्या कडेला सुईच्या टोकाएवढा ठिपका दिला. मग झाकण लावून बाटली देवळीत परत ठेवली. स्वतःच्या भावाला पकडायला मी हे केलं.

त्याच आठवड्यात वाटूरहून निरोप आला. बहिणीचं दुसरं बाळंतपण, सासरी करायला कुणी नाही. माय तिकडं गेली ती दोन-अडीच महिन्यांसाठी. जाताना सांगून गेली, ‘गोळ्या जागेवर हायेत. ज्यानं त्यानं आपापल्या बाटलीतल्या खा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या बाटलीतली गोळी तळहातावर घेतली. ठिपका नव्हता. उलटी केली, तरी नव्हता. सगळ्या ओतल्या. निम्म्यांवर ठिपका होता, निम्म्या कोऱ्या. मग दादाची बाटली ओतली. तिच्यातही निम्म्यांवर माझा ठिपका. दोन्ही बाटल्यांतली संख्या मात्र जिथल्या तिथं, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दादा अंगणात गाडी पुसत होता. मी दोन्ही बाटल्या घेऊन बाहेर गेलो. ‘मागितल्या असत्या तर दिल्या असत्या,’ मी म्हणालो. ‘चोरायच्या कामून?’

त्याला आधी काही समजेना. मी गोळ्या दाखवल्या, ठिपके दाखवले. तो एक गोळी बोटांत धरून कितीतरी वेळ बघत राहिला. भट्टीवर काम करून त्याची बोटं जाड झाली होती, गोळी त्यांत दिसतही नव्हती.

‘तू खूण केल्ती?’ तो म्हणाला. ‘माझ्यासाठी?’

मी म्हणालो, ‘कुणासाठी न्हाई. भेसळ शोधायला.’

‘मी हात न्हाई लावला.’

‘मंग आपोआप गेल्या का चालत?’

त्याच्या कानाच्या पाळ्या बघ, असं मी तेव्हा स्वतःला सांगायला हवं होतं. त्या लाल झाल्या नव्हत्या. पण मी त्याच्या तोंडाकडं बघतच नव्हतो, हातातल्या पुराव्याकडं बघत होतो.

त्यानं दोन शर्ट पिशवीत घातले. गाडीची किल्ली ओट्यावर ठेवली. बाटली माझ्या पुढं सरकवली आणि म्हणाला, ‘घे. दोन्ही तुझ्याच. आता मिसळायला कुणी न्हाई.’ आणि फाट्यावर जाऊन तो मिलच्या टेम्पोत चढला. एमआयडीसीजवळ मिलमधल्या एका सोबत्याची खोली होती, तिथं राहायला लागला.

मी त्याला बोलवायला गेलो नाही. त्याची मिल आणि माझी कंपनी, मध्ये फक्त दोन रस्ते. दुपारच्या सुट्टीत मी चहाला जायचो त्या टपरीवरून मिलचं गेट दिसायचं. चुकला तो, येईल तो, असं म्हणत मी रोज तिथं चहा प्यायचो. ठिपक्याची असो की कोरी, मी गोळी मात्र न चुकता खात होतो. तो खात नव्हता. त्याची बाटली देवळीत तशीच होती, आणि ते मला रोज दिसत होतं.

दीड महिना असा गेल्यावर एक पोस्टकार्ड आलं. दादाच्या नावानं, दवाखान्याचं. आपण तपासणीस आला नाहीत, गोळी बंद केली असल्यास ताबडतोब येऊन भेटा. पत्ता त्याच्या वेगळ्या चुलीचा, म्हणजे आमच्याच घराचा. ते कार्ड द्यायला मला टपरीपासून चारशे पावलं चालावं लागलं असतं. मी ते शर्टाच्या खिशात ठेवलं. यांना आपल्या नंबराची काळजी, असं म्हटलं. शनिवारी देऊ, म्हटलं. एक शनिवार गेला, दुसरा गेला. शर्ट धुवायला टाकताना मी कार्ड आठवणीनं काढून दुसऱ्या शर्टात ठेवायचो. हे लिहिताना मला माझी लाज वाटते.

दुसऱ्या शनिवारनंतर दोन दिवसांनी मिलमधला तो सोबती कंपनीच्या गेटवर आला. म्हणाला, जल्दी चल. टेम्पोच्या हौद्यात पोत्यावर दादा आडवा होता. डोळे हळदीत बुडवल्यासारखे पिवळे, तळहात पिवळे, दंडावरची कातडी ढिली. आठ दिवसांपासून अन्न वर येत होतं आणि तो भट्टीमुळं होतंय म्हणत होता. मला बघून त्यानं तोंड फिरवलं नाही, तेवढीही ताकद त्याच्यात नव्हती.

औरंगाबादला त्याला ताबडतोब भरती केलं. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, ‘दारू?’ मी म्हणालो, ‘न्हाई.’ मग विचारलं, ‘गोळी कधीपासून बंद आहे?’

तेव्हा मी सगळं सांगितलं. रेशनकार्डाचं, एका चुलीचं, लॅबमधल्या तपासण्यांचं, ठिपक्यांचं, भांडणाचं. खिशातलं पोस्टकार्ड काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टर ओरडतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, ‘तुम्ही दोघंही आता परीक्षेतून बाहेर.’ मग कपाटातून त्यांनी दोन सीलबंद पाकिटं आणली. आमच्या नंबरांची होती. जिवावर बेतलं तरच फोडायची, तोवर डॉक्टरांनीही आत बघायचं नाही, असा नियम होता म्हणे. सील माझ्यासमोर फोडलं. इतके महिने मी ज्याला खोटारडा समजत होतो, त्या माणसाला खरोखर काही माहीत नव्हतं.

‘दोघांचीही खरी,’ ते म्हणाले.

मी म्हणालो, ‘परत बघा.’

त्यांनी दोन्ही कागद माझ्या हातात दिले. मी वाचले. दोन्ही बाटल्यांत खरंच औषध होतं, सुरुवातीपासून. त्यांनी सांगितलं, दादाचं यकृत जास्त खराब होतं म्हणून त्याचा आकडा हळू उतरत होता. आणखी काही महिन्यांत उतरला असता. गोळी सुटली आणि रोग उसळला, पुढचे चार-पाच दिवस काढले तर आशा आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाटूरहून माय आली. एसटीनं आली होती, हातात बाळंतिणीच्या घरचा डिंकाच्या लाडवांचा डबा तसाच होता. दादाला बघून तिनं डबा खाली ठेवला आणि त्याच्या पायाशी बसली. काय झालं, तिनं विचारलं. मी सांगायला लागलो. ठिपक्यापर्यंत आलो आणि ती मध्येच म्हणाली, ‘त्यानं न्हाई मिसळल्या. मी मिसळल्या.’

दादानं डोळे उघडले.

‘तू जेवताना म्हन्लास, तुझी खरी अन् त्याची खोटी. मंग पुढच्या बाटल्या आल्या, अन् मी दोन्ही एका डब्यात ओतल्या. हलवल्या. मोजून परत भरल्या, जेवढ्याच्या तेवढ्या. म्हन्लं, निम्मी का होईना, दोघांला खरी भेटंल. जायच्या आदल्या दिवशी केलं. सांगितलं न्हाई, कारन तू डागदराला सांगितलं असतं.’

मी म्हणालो, ‘माय, अगं दोन्ही खऱ्याच होत्या.’

‘मला काय ठावं? तूच तर म्हन्ला. तू कदी चुकत न्हाईस ना.’

बाजूच्या खाटेवरचा पेशंट कण्हत होता. माय दादाच्या पिवळ्या पायांवर हात फिरवत राहिली आणि मग अगदी साध्या आवाजात बोलली.

‘रोग देताना मी भेद न्हाई केला. माझ्या पोटातून दोघांला बराबर गेला. मंग औषधाला कसा करू देऊ?’

मी विचारलं, ‘तुला कुणी सांगितलं?’

‘पहिल्याच दिवशी. रक्त घेणारी पोरगी बोलली, मावशी, हे मायकडून लेकरांत येतंय. मला वाटलं, तुमाला ठावं न्हाई. तुमाला कळलं तर माझ्या हातचं खाशाल का न्हाई, म्हणून मी बोलले न्हाई.’

वर्षभर मी तिच्यापासून लपवत होतो आणि ती आमच्यापासून. रोज सकाळी तिच्या हातानं गोळी घेताना ती माझ्या तोंडाकडं का बघायची, ते मला तेव्हा कळलं. मला वाटायचं, गोळी गिळली का ते बघते. मी तिथंच वॉर्डात, दहा माणसांसमोर रडलो. दादा मोठ्या मुश्किलीनं म्हणाला, ‘माय, लाडू दे. दोघांला दे.’ त्याला खाणं शक्य नव्हतं. तिनं एक लाडू फोडला, अर्धा माझ्या हातात दिला आणि अर्धा त्याच्या उशाशी ठेवला.

दादा वाचला. महिनाभर दवाखान्यात होता, नंतर वर्षभर भट्टीचं काम करू शकला नाही. परीक्षेत आम्ही नव्हतो, पण डॉक्टरांनी उपचार सोडले नाहीत. पुढं बाजारात गोळ्या आल्या, त्या आम्ही आजवर घेतोय. दादाचं लग्न झालं ते मुलीला आणि तिच्या बापाला सगळं सांगून. ते मीच सांगितलं, दादानं मला तेवढी शिक्षा दिली. लग्नाआधी होणाऱ्या वहिनीला लस दिली, आणि लेकरांना जन्मल्या दिवशीच टोचून घेतलं. माय गोळ्यांना पुन्हा कधी शिवली नाही. ती गेली ती म्हातारपणानं, यकृतानं शेवटपर्यंत तिला त्रास दिला नाही.

दादानं मला माफ केलं का, ते मी त्याला विचारलेलं नाही. आता रेशनकार्डावरच्यासारख्या आमच्या चुली खरोखर वेगळ्या आहेत, पण सकाळची गोळी तो माझ्या ओट्यावर येऊन घेतो. पाण्याचा घोट घेतो, गिळतो. मग माझ्यापुढं येऊन तोंड उघडतो, जीभ वर करून दाखवतो, गालाच्या आतली बाजू बोटानं ओढून दाखवतो. घरातली पोरं हसतात, त्यांना तो खेळ वाटतो. मी म्हणतो, ‘बस कर ना दादा.’ तो म्हणतो, ‘बघ, नीट बघ. तुझी तपासणी होऊन जाऊ दे.’ इतकी वर्षं झाली, एकही सकाळ त्यानं चुकवलेली नाही, आणि मी रोज बघतो.